दगडीच्या डोळ्यांची रंगीत तालीम

लुओशी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात लेझरचं यंत्र येऊन चार महिने झाले होते, आणि त्या चार महिन्यांत त्याने एकाही डोळ्याचं भलं केलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते लाल रेशमी कापडाखाली बसून होतं. कापडावर परातीएवढं रेशमी फूल, आणि दाराला कुलूप. नव्या नवरीलाही कुणी इतके दिवस तोंड झाकून बसवत नाही.

कारण साधं होतं. उद्घाटन व्हायचं होतं. ते उपमहापौरांच्या हस्ते होणार होतं, आणि उपमहापौरांचे हात दुसरीकडे गुंतले होते. मार्चमध्ये एक पूल, एप्रिलमध्ये मिरची महोत्सव, मे महिन्यात आणखी एक पूल. एवढ्याशा तालुक्यात इतके पूल कशाला, हे नदीलाही कळत नव्हतं.

डॉक्टर थान रुओलान या यंत्राची सहा वर्षं वाट बघत होती. अख्ख्या तालुक्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासणारी ती एकटी. वर्षभर प्रांताच्या राजधानीत, चांग्शाला राहून लेझर शिकून आली, तेव्हा इथे यंत्र नव्हतं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, त्यातली गत. आता दातही होते आणि चणेही होते, फक्त ते खायला उपमहापौर लागत होते.

सोमवारी सकाळी दहा वाजता तिने दगडीचे डोळे तपासले.

दगडी सत्तावीस आठवड्यांची जन्माला आली होती, साडेनऊशे ग्रॅमची. आता पस्तिसावा आठवडा चालू होता आणि मुक्काम काचेच्या पेटीतच होता. कागदावर तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण आजीने पहिल्याच दिवशी हाक मारायला दगडी ठेवलं. यमाचा माणूस यादी घेऊन आलाच, तर दगड कशाला वाहून न्यायचा म्हणून पुढे जाईल, असा हिशोब. दगडीचा बाप दूर ग्वांगदोंगला कारखान्यात होता. आई श्याओमान दर तीन तासांनी दूध काढून आणायची आणि पेटीसमोर मुकाट बसायची. दोघींच्या वाटचं ओऊयांग आजी एकटी बोलायची.

रुओलानने थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या धरल्या, डोक्यावरचा दिवा लावला आणि हातातल्या भिंगातून आत बघितलं. भिंग पुसून पुन्हा बघितलं.

वेळेआधी आलेल्या बाळाच्या डोळ्यातला पडदा अर्धवट विणलेला असतो. रक्तवाहिन्या काठापर्यंत पोचलेल्याच नसतात. मग त्या पिसाळतात, भलतीकडे वाढतात, आणि एक दिवस पडद्याला ओढून मोकळा करतात. पडदा सुटला की संपलं, जन्माचा अंधार. काठावरची उघडी जागा लेझरने जाळली तर हा पिसाटपणा बसतो, पण ते वेळेत करावं लागतं. दगडीच्या दोन्ही डोळ्यांत वाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या, आणि जिथे त्या अडल्या होत्या तिथे गुलाबी बांध वर आला होता.

"किती दिवस आहेत?" ज्यांग ताईने विचारलं. ती नवजात विभागाची मुख्य नर्स. रुओलानच्या चेहऱ्यावरून तिला निदान कळायचं.

"दिवस नाहीत, तास आहेत. बहात्तर."

अधीक्षक चोऊ आपल्या खोलीत सुपारी चघळत बसले होते. 'सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो' हे पोस्टर त्यांच्याच सहीने खाली दवाखान्यात लागलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुवारी सकाळी दहाला उद्घाटन आहे, थान बाई. मोजा."

तिने मोजलं. सोमवारी दहा ते गुरुवारी दहा.

"बहात्तर," साहेब खुश होऊन म्हणाले. "बरोब्बर. याला म्हणतात नियोजन."

"साहेब, इतक्या काठावर नको. आजच कुलूप उघडून द्या."

"उद्घाटनाआधी वापरलं, तर उपमहापौर विचारतील, मला मग कशाला बोलावलंत?"

"मग चांग्शाला पाठवते तिला."

"अहो, नव्वद टक्के रुग्ण तालुक्यातच बरे झाले पाहिजेत. या तिमाहीत आपण एकोणनव्वद पूर्णांक सातवर आहोत. आणि यंत्र दारात असताना पेशंट बाहेर धाडला, तर उपमहापौर विचारतील, यंत्र मग कशाला घेतलंत?"

म्हणजे यंत्र आहे म्हणून पोरीला बाहेर पाठवायचं नाही, आणि उद्घाटन नाही म्हणून आत घ्यायचं नाही. रुओलानने न विचारता चांग्शाला फोन लावला. तिकडे खाट रिकामी होणार होती पुढच्या सोमवारी. शिवाय रस्ता पाच तासांचा, आणि दगडी अधूनमधून श्वास घ्यायलाच विसरायची. फोन ठेवून ती घरी गेली. नवऱ्याने केलेली शेवयांची वाटी तिने तशीच ठेवली, आणि "मिरची कमी पडली का?" असं त्याने विचारलं तेव्हा ती घड्याळ बघून उरलेले तास मोजत होती.

मंगळवारी दुपारी कार्यालयप्रमुख दुआन तिच्याकडे आले. सडपातळ, नेटके, काखेत कायम एक काळी वही. रुग्णालयातल्या प्रत्येक समारंभाची रंगीत तालीम दुआन घ्यायचे, आणि अशी घ्यायचे की खरा समारंभ त्यापुढे फिका पडावा. उपमहापौरांचं पाऊल साठ सेंटिमीटरचं, जिन्याला बत्तीस पायऱ्या, लिफ्टपाशी डावीकडे वळून हसायचं, सगळं वहीत. फरशीवर पिवळ्या पट्टीच्या फुल्या मारलेल्या असायच्या: इथे अधीक्षक, इथे फुलं, इथे टाळ्या.

"थान डॉक्टर, उद्याची तालीम रद्द," ते म्हणाले. "उपमहापौर अभ्यास दौऱ्यावर निघालेत. उद्घाटन पुढच्या मंगळवारी."

रुओलान खुर्चीत बसली. पुढचा मंगळवार. सोमवारपासून आठ दिवस. आठ दिवसांनी दगडीच्या डोळ्यांत लेझर मारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

दुआन जरा चुळबुळले. "तशी फार अडचण नाही. बाळाच्या जागी मी बाहुली आणली होती, ती काही कुठे पळून जात नाही."

बाहुली म्हटल्यावर रुओलानने मान वर केली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, पण दुआनांची दुखरी नस अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती. गेल्या वर्षी मत्स्यबीज केंद्राच्या उद्घाटनात कारंजं उडालं नव्हतं. उपमहापौरांनी तीनदा बटण दाबलं, मग वाकून तोटीत बघितलं, आणि तेव्हा उडालं. दुआनांना त्यापायी तीन कबुलीपत्रं लिहावी लागली होती, कारण पहिल्या दोन्हींत पश्चात्ताप कमी पडला.

"दुआनसाहेब," ती म्हणाली, "हे यंत्र चार महिने बंद आहे. मंगळवारी उपमहापौरांसमोर सुरूच झालं नाही तर?"

दुआनांचा हात नकळत चेहऱ्यावरून फिरला, पाणी निपटावं तसा.

"किंवा सुरू झालं आणि बाळ रडलं, भूल कमी पडली, तर? बाहुलीवर तालीम करून ते कसं कळणार? बाहुली काय, कधीच रडत नाही."

"तुमचं म्हणणं काय?"

"तालीम उद्याच घ्या. पूर्ण घ्या. खरं बाळ, खरी भूल, खरा लेझर. अगदी शेवटपर्यंत."

दुआनांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ते मूर्ख नव्हते. त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, "माझ्या वीस वर्षांत खरी पूर्ण तालीम कुणी मागितली नाही. सगळ्यांना लवकर जेवायला जायचं असतं."

अधीक्षकांना दुआनांनीच पटवलं. कारंज्याचं नाव काढलं आणि साहेबांची सुपारी चघळायची थांबली. खूप विचार करून त्यांनी निवाडा दिला, आणि तो रुओलानला जन्मभर पाठ राहिला.

"तालमीत जे होतं, ते झालेलं नसतं. त्याची नोंद करायची नाही. कापड आणि फूल नंतर जसंच्या तसं."

संमतीपत्र मात्र रुओलानने खरं घेतलं. श्याओमानने सगळं वाचलं, दोनदा विचारलं की दिसेल ना हिला, आणि रुओलानने खोटी खात्री न देता सांगितलं की आता केलं तर बहुतेक दिसेल, थांबलो तर बहुतेक नाही. श्याओमानने सही करून खाली तारीख घातली, बुधवारची.

आजीचा मात्र आक्षेप होता; जन्मल्यापासून शंभर दिवस बाळाला जपायचं, अशी जुनी रीत. "शंभर दिवस व्हायच्या आत पोरीच्या डोळ्यांवर उजेड मारतेस, डॉक्टरीणबाई?"

"आजी, शंभर दिवस थांबलं तर मग उजेड मारून उपयोग नाही."

आजीने बाहीने पेटीची काच पुसली. "मग मार. आणि त्या काळ्या वहीवाल्याला पोरीपासून लांब उभं कर, त्याचं तोंड मयताला आल्यासारखं आहे."

बुधवारी सकाळी सव्वानऊला दुआनांनी स्वतःच्या हाताने लाल कापड काढून घडी घातली. उपमहापौरांची भूमिका तेच करत होते, दरवेळी तेच करायचे. दारातून आत आले, पिवळ्या फुलीवर थांबले, हात मागे बांधले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "कष्ट घेताय सगळे, फार कष्ट घेताय." मग घड्याळाची कळ दाबली. उपमहापौर या खोलीत तीन मिनिटं थांबणार होते.

दार लागलं, दिवे मंद झाले, सगळ्यांनी रंगीत चष्मे चढवले. बाहेर लाल दिवा लागला. तो लागला की आतलं काम संपेपर्यंत दार उघडायचं नाही. हे दुआनांच्या वहीत नव्हतं.

"थान डॉक्टर, तीन मिनिटं झाली," ते कुजबुजले.

"उपमहापौरांना सांगा, दार बंद आहे. हलू नका."

आणि उपमहापौर हलले नाहीत. एक तास पन्नास मिनिटं ते पिवळ्या फुलीवर उभे राहिले.

रुओलानला मग खोलीचं भान उरलं नाही. भिंगातला नाण्याएवढा नारिंगी उजेड, त्यात तो गुलाबी बांध, आणि बांधापलीकडची फिकट उघडी जागा. पायाखालचं पेडल दाबलं की तिथे एक पांढरट ठिपका उमटायचा. एक ठिपका, शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. दर डोळ्याला हजाराच्या वर. मान आखडली, घाम भुवईत साचला, तो ज्यांग ताईने टिपला. उजवा डोळा पुरा झाला. डावा अर्ध्यावर आला आणि श्वास मोजणाऱ्या यंत्राची पिपाणी वाजायला लागली.

"श्वास थांबला," ज्यांग ताई म्हणाली. तिने दगडीच्या तळव्याला टिचक्या मारल्या. भूलतज्ज्ञाने मास्क धरला. रुओलानने पेडलवरून पाय काढला. तीन मोठी माणसं त्या दोन किलोच्या आतल्या जिवावर ओणवी झाली होती, आणि चौथा फुलीवर उभा राहून घड्याळाकडे बघत मोजत होता, कुणी न सांगता, मोठ्याने, कारण त्याला तेवढंच येत होतं.

"चौदा. पंधरा. सोळा."

ज्यांग ताईने पुन्हा टिचकी मारली.

"अठरा. एकोणीस."

दगडीने उचकी दिल्यासारखा श्वास घेतला, मग आणखी एक, आणि मग मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात रडली. दुआनांचं मोजणं थांबलं. त्यांनी चष्मा वर करून बाहीने डोळे पुसले आणि परत खाली केला. "पुढे चालू करा," रुओलान म्हणाली ती स्वतःलाच.

दोन्ही डोळे पुरे झाले. दिवे लागले. दुआनांनी कापड घातलं, फूल मधोमध बसवलं, दोन पावलं मागे जाऊन सरळ आहे का बघितलं. मग काहीतरी लिहायला म्हणून वही काढली आणि बराच वेळ लिहीत बसले.

आठवडाभरात दगडीच्या डोळ्यांतला पिसाटपणा ओसरायला लागला. पण कारभारात एक नवीच पंचाईत झाली. मंगळवारी उपमहापौरांसमोर पहिला रुग्ण कोण? तालुक्यात त्या घडीला लेझर लागणारं दुसरं बाळच नव्हतं. लेझर लागणारं बाळ नाही हे कळल्यावर वाईट वाटून घेणारा अधीक्षक रुओलानने त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"तिलाच आणा," साहेब म्हणाले. "तालमीत झालं ते झालेलं नाही."

"साहेब, तिला पुन्हा लेझर मारणार नाही मी."

"मारू नका. मारल्यासारखं करा."

मंगळवारी उपमहापौर आले, बत्तीस पायऱ्या चढले, डावीकडे वळून हसले. कापड निघालं. "कष्ट घेताय सगळे, फार कष्ट घेताय," ते म्हणाले. दुआनांनी मान खाली घातली. दगडी टेबलावर दूध पिऊन गाढ झोपली होती. मग उपमहापौरांना वाटलं, पहिला लेझर आपण द्यावा. हे वहीत नव्हतं. अधीक्षकांचा चेहरा उतरला. रुओलानने मात्र पेडल अदबीने त्यांच्या बुटापाशी सरकवलं. यंत्राची किल्ली तिच्या खिशात होती.

उपमहापौरांनी पेडल दाबलं. काहीच झालं नाही. कॅमेरे लखलखले.

"जाणवलं," उपमहापौर गंभीरपणे म्हणाले. "हाताला जाणवलं." पेडल त्यांनी पायाने दाबलं होतं.

टाळ्या झाल्या. वार्ताहराने आजीच्या तोंडापुढे माईक धरला. उपमहापौरांनी नातीला डोळे दिले असं म्हणायचं, हे तिला आदल्या दिवशी पढवलं होतं. आजी म्हणाली, "डोळे तिच्या आईने दिले. या साहेबांनी तर आत्ता नुसता बूट लावला." ते छापून आलं नाही.

नोंदवहीत चढलं ते असं: निदान सोमवारी, लेझर पुढच्या मंगळवारी, उपमहापौरांच्या उपस्थितीत. रुओलानने त्या ओळीकडे बघितलं आणि सोडून दिलं. पोरीचे डोळे वाचले, कागद गेला उडत. ताकाला जाऊन भांडं लपवायचंच होतं, तर लपवू दे त्यांना.

दोन महिन्यांनी आरोग्य खात्याचे पाहणी अधिकारी आले. नाव वेई, स्वभाव कोरडा, नजर बारीक. दगडीची फाईल उघडून त्यांनी बोट ठेवलं. "आठ दिवस? नियम बहात्तर तासांचा आहे. बाळ आंधळं झालं असेल."

साहेबांची सुपारी घशात अडकायची बाकी होती. पण नेमकी त्याच सकाळी दगडी तपासणीला आलेली, आजीच्या पाठीला बांधून. रुओलानने तिला टेबलावर घेतलं. हाताशी काही रंगीत नव्हतं. दुआन कुठूनसे आले आणि त्यांनी ते लाल रेशमी फूल पुढे केलं, घडी करून कपाटात ठेवलेलं. रुओलानने फूल दगडीच्या डोळ्यांपुढे धरलं आणि हळूच डावीकडे नेलं.

दगडीचे डोळे डावीकडे गेले. उजवीकडे नेलं, उजवीकडे आले. वर नेलं तर भुवया ताणून वर. फूल फार लांब गेलं तेव्हा तिने रागाने मूठ हलवली. श्याओमान मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बघतेय," आणि रडायला लागली. रुओलानच्याही डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं तिने याच एका गोष्टीसाठी वाट बघितली होती.

वेई सगळं बघत होते. "आठ दिवसांनी लेझर मारून एवढा चांगला निकाल," ते सावकाश म्हणाले. त्यांच्या मनात काहीतरी जुळत होतं. "आपल्या भागात आणखी अकरा तालुक्यांत ही यंत्रं आलीत. सगळीकडे उद्घाटनं अडलीत आणि डॉक्टर ओरडतायत, बहात्तर तास, बहात्तर तास. हा तर उपाय आहे. अधीक्षक, याला आपण 'लुओशीचा अनुभव' म्हणू."

साहेबांना हायसं वाटलं, मग आनंद झाला, आणि मग ते हे सगळं मुळातच ठरवलं होतं अशा चेहऱ्याने बसले.

दुसऱ्या दिवशी मसुदा रुओलानच्या टेबलावर आला. अकरा तालुक्यांना परिपत्रक: लुओशी येथील अनुभवावरून, निदानानंतर आठ दिवसांपर्यंत लेझर उपचार थांबवण्यास हरकत नाही. खाली तिच्या सहीची जागा, आणि सोबत आदर्श डॉक्टर पुरस्कारासाठी शिफारस.

तिने मसुदा तीनदा वाचला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, अशातली गोष्ट. एक खोटी तारीख वहीत पडली तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता तीच तारीख अकरा तालुक्यांत जाऊन अकरा यंत्रांवर फूल होऊन बसणार होती. तिकडेही पेट्या होत्या, त्यांत पोरं होती, आणि भिंग पुसून पुन्हा पुन्हा बघणारी एखादी डॉक्टर होती. तिला हे परिपत्रक दाखवतील.

रुओलानने कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं: कबुलीपत्र.

"मी, थान रुओलान, कबूल करते की वरील बाळावर मी उद्घाटनाच्या सहा दिवस आधी, बुधवारी, निदानाला दोन दिवस झाले असताना, रंगीत तालमीत पूर्ण उपचार केले. मंगळवारी काहीही केलं नाही. यंत्राची किल्ली माझ्या खिशात होती. आठ दिवस थांबले असते तर हे बाळ बहुधा आंधळं झालं असतं. नोंदीतली खोटी तारीख मला माहीत होती आणि मी गप्प बसले, ही माझी चूक आहे. उपचार वेळेत केले याबद्दल मला पश्चात्ताप नाही."

शेवटची ओळ तिने खोडली, मग पुन्हा लिहिली. सोबत श्याओमानचं संमतीपत्र जोडलं.

दुआन दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी कबुलीपत्र वाचलं, जाणकाराच्या नजरेने. "यात पश्चात्ताप कमी आहे," ते म्हणाले. "परत पाठवतील."

"पाठवू देत."

"आणि एक संमतीपत्र पुरणार नाही. सही आधी घेतली आणि उपचार नंतर केले, असं म्हणतील." त्यांनी काळी वही काढली, एक पान अलगद फाडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. बुधवारच्या तालमीचं पान. नऊ वाजून पंधरा, कापड काढलं. नऊ वीस, पहिला ठिपका, उजवा डोळा. दहा वाजून एकतीस, डावा डोळा, श्वास थांबला, एकोणीस सेकंद. दहा बत्तीस, बाळ रडलं. अकरा दहा, दोन्ही डोळे पूर्ण. खाली सही: दुआन, उपमहापौरांच्या भूमिकेत.

"तुमचीही नोकरी अडकेल यात," रुओलान म्हणाली.

"कबुलीपत्राचा मला सराव आहे," दुआन म्हणाले. "फुलीवर उभा होतो मी. नव्हतो असं कसं म्हणू?"

कबुलीपत्र दोनदा परत आलं. दोन्ही वेळा रुओलानने तेच पुन्हा लिहून पाठवलं. शेवटी दोघांच्या सेवापुस्तकात ताशेरे आले. तिच्या: उद्घाटनाआधी शासकीय यंत्राचा वापर. दुआनांच्या: तालीम नियोजित वेळेपेक्षा एक तास सत्तेचाळीस मिनिटं लांबवणे. पुरस्काराची शिफारस साहेबांच्या नावावर वळती झाली.

आठ दिवसांचं परिपत्रक मात्र निघालं नाही. सही केलेला कागद समोर असताना ते काढायची वेईंची छाती झाली नाही. पण 'लुओशीचा अनुभव' वरपर्यंत कळवून झालेला होता, तो मागे कसा घ्यायचा? तेव्हा अकरा तालुक्यांना दुसरं परिपत्रक गेलं. लुओशीच्या अनुभवावरून, मान्यवरांसमोर यंत्र बंद पडण्याची नामुष्की टाळण्यासाठी, उद्घाटनापूर्वी खऱ्या रुग्णांवर संपूर्ण रंगीत तालीम घ्यावी. गरजेनुसार अनेक वेळा.

शरद ऋतूत एके दुपारी रुओलानला फोन आला. डोंगरापलीकडच्या तालुक्यातली कोणी तरुण डॉक्टर होती. चांग्शाला लेझरचा तोच वर्ग मागच्या वर्षी केलेली.

"थान ताई, आज आमची चौथी तालीम झाली."

"उद्घाटन कधी आहे?"

"पुन्हा पुढे ढकललंय. इथे तर कुणी आठवणही काढत नाही."

"बाळ कसं आहे?"

"जुळी होती. एकाचे दोन्ही डोळे केले, दुसऱ्याचा एक."

"निदान कधी केलं होतंस?"

"काल सकाळी," ती पोरगी म्हणाली. "नोंद कुठेच नाही, ताई. म्हणून म्हटलं, कुणाला तरी सांगावं."

रुओलानने टेबलाच्या खणातून एक वही काढली. दुआनांनी दिलेली, काळ्याच पुठ्ठ्याची.

"सांग," ती म्हणाली. "तारीख, वेळ, आणि बाळांची नावं."